इंदू, कोणाच्या नावाची?

ज्यांनी दांडी फिरवायचा काळा फोन पाहिलाच नाही, त्यांना आधी पीपी म्हणजे काय ते सांगावं लागेल, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. सत्तरच्या दशकात परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागे. साध्या कॉलमध्ये पलीकडं कोणीही फोन उचलला तरी तीन मिनिटांचा आकार पडायचा. पीपी कॉलमध्ये माणसाचं नाव द्यायचं. त्या नावाचं माणूस फोनवर आलं तरच ऑपरेटर कॉल जोडणार, नाहीतर थोडका आकार घेऊन विषय बंद. तोवर कॉल लावणाऱ्याला पलीकडचं अक्षरही ऐकू येत नसे. ऐकू यायचं ते फक्त मधे बसलेल्याला. तो मधे बसलेला मी.

गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. हिंगोलीहून एसटीनं तासाभराचं बाजारगाव. जिल्हा तेव्हा परभणी होता. पोस्टाच्या मागच्या खोलीत आमचं एक्स्चेंज, म्हणजे एक लाकडी बोर्ड, त्यावर पितळी पडद्या, खाली दोऱ्या आणि कळा. गावात कोणी दांडी फिरवली की त्याच्या नंबरची पडदी खट् करून पडायची. मी दोरीचा खिळा त्या भोकात घालायचो आणि म्हणायचो, "बोला." बस. चौतीस वर्षांच्या नोकरीचं सार एवढंच आहे, बाकीचं पेन्शनसाठी.

पण दुपारचे दोन वाजून गेले, अडत दुकानं सुस्तावली, वारा सुटला आणि खांबावरच्या तारा गुणगुणायला लागल्या की त्या खोलीत काही तरी वेगळंच व्हायचं. एका तारेतलं बोलणं दुसरीत उतरायचं. नांदेडकडं कोणाचं तरी लेकरू रडून राहिलंय, पूर्णेला कोणी गाडीचा टाइम विचारतंय, आणि फार फार लांबून एक बाई कोणाला तरी पुन्हा पुन्हा विचारतेय, "जेवलास का? जेवलास का रे?" ती कोण, कुठली, तो जेवला की नाही, काही कळायचं नाही. मी डोळे मिटून ऐकत राहायचो. झोप आणि जाग यांच्या मधल्या जागी मला पगार मिळत होता म्हणा ना.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एक म्हातारी होती, तिला जावयाचा फोन आला की आधी डोक्यावर पदर घ्यायची, मग रिसीव्हर उचलायची. "अहो आजी, त्यांना दिसत नाही," म्हटलं तर म्हणाली, "त्यांला दिसत न्हाई, पर मला तर दिसतंय नं!" आणि एक हळदीचा अडत्या. रोज नंदलालच्या नावानं पीपी लावायचा. पलीकडून उत्तर यायचं, "नंदलाल गावाला गेलेत, चार दिवसांनी येतील." मी इमानदारीनं निरोप सांगायचो, शेठजी मान हलवून जायचे. हा नंदलाल जन्मालाच आलेला नाही आणि 'चार दिवस' म्हणजे हळदीचा चढलेला भाव आहे, हे कळायला मला सहा महिने लागले. मग मी एकदा म्हटलं, "शेठजी, नंदलालला माझा जयभीम सांगा." ते एवढे हसले की उपरण्यानं डोळे पुसले.

खंडोजी आबा आले ते अशाच एका मंगळवारी, बाजाराच्या दिवशी. दिवाळी नुकतीच झाली होती. सत्तरीचा माणूस, पांढरं धोतर, डोक्याला फेटा, हातात काठी. जवळच्या खेड्यातले जमीनवाले. माझ्या बापानं जन्मभर ज्यांना मालक मालक म्हणून हाका मारल्या त्यांच्यातलेच एक. आणि ते माझ्या खिडकीशी वाकून म्हणत होते, "साहेब, एक फोन लावून द्या." खोटं कशाला बोलू, मला ते साहेब गोड लागलं. चोवीस वर्षांचा होतो.

त्यांच्या गावचा एक माणूस पुण्याकडं पोटाचं ऑपरेशन करून आला होता. त्यानं तिथल्या दवाखान्यात आबांची लेक पाहिली, नर्सच्या कपड्यात. सगळे तिला इंदू सिस्टर म्हणत होते. नर्सेस राहतात तिथल्या फोनचा नंबर त्यानं चिठ्ठीवर आणला होता. दहा वर्षांत लेकीची ही पहिली खबर.

"पीपी लावा," आबा म्हणाले. "इंदूशीच बोलायचंय. दुसऱ्या कोणाशी न्हाई."

मी फॉर्म पुढं ओढला. "पूर्ण नाव सांगा."

आबा खिडकीची चौकट धरून उभे राहिले.

"नवऱ्याचं नाव लावत नसंल," ते हळू आवाजात म्हणाले. "त्याला सोडून दिलं तिनं, म्हणून तवाच ऐकलं. माझं लावलं आसंल का हो?"

आता हे मी कसं सांगणार? मी म्हटलं, "तुमचंच लिहितो, आबा." इंदू खंडोजी आणि पुढं आडनाव.

त्यांना फोनच्या लाकडी पेटीत, म्हणजे बूथमध्ये, बसवलं, रिसीव्हर कानाला लावून. परभणी, तिथून औरंगाबाद, तिथून पुढं, लाइन लागायला दीड तास गेला. एका पोरीनं फोन उचलला. इंदू म्हटल्यावर ती लांब कोणाला तरी ओरडली, "ए गंगासागर, तुझा फोन गं!" मग चपलांचा आवाज, आणि एक बाई बोलली, "कोण?"

मी नाव-गाव सांगितलं. खंडोजी आबांचा कॉल, इंदू खंडोजी यांच्यासाठी.

उत्तर आलं, अगदी पुणेरी, स्वच्छ: "या नावाचं इथे कोणी नाही."

"अहो, पण आत्ता त्या मुलीनं तुम्हालाच..."

"सांगितलं नं एकदा? काहून मागं लागून राहिले तुमी?"

आणि ती थांबली. मीही थांबलो. पुण्याकडं 'काहून' कोणी म्हणत नाही. तो शब्द आमच्या मातीतच उगवतो. तिचं पुणेरी एका शब्दात गळून पडलं होतं, आणि ते तिलाही कळलं. तिनं फोन ठेवला.

नियम सरळ होता. पेटीतल्या माणसाला सांगायचं, "या नावाचं कोणी नाही." चारच शब्द. मी पेटीचं दार उघडलं. आबांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. माझ्याकडं असं पाहिलं की माझ्या तोंडून निघून गेलं, "ड्यूटीवर आहेत, आबा. नंतर लावा."

मला वाटलं, दोन घोट पाणी पाजलं तहानलेल्याला. पण आबांचं तोंड पाहायला हवं होतं.

"ड्यूटीवर हाय म्हंजी, ह्या नावाची हाय तिथं? माझ्या नावाची?"

मी मान हलवली. आता माघार कशी घेणार?

म्हातारा भर बाजारात सांगत सुटला. भाजीवालीला, न्हाव्याला, एसटीच्या कंडक्टरला. "माझ्या लेकीनं माझं नाव ठेवलंय! एवढं सगळं होऊन माझंच नाव लावून राहिली!" पुढच्या मंगळवारी माझ्यासाठी गुळाची ढेप घेऊन आले. ती मी घरी नेली, आईला वाटलं पोराला लोक मानतात.

मग दर मंगळवारी तेच. लाइन लागायची, मी तेच नाव सांगायचो, ती तेच उत्तर द्यायची, आणि मी आबांना कधी ड्यूटीवर, कधी बाहेर गेल्यात, कधी आत्ताच निघाल्या असं सांगायचो. लबाडी एकदा केली की तिला रोज चारापाणी घालावं लागतं. आबांची तक्रार नव्हती. पेटीत बसून ते वाट पाहायचे, कधी तिथंच डुलकी लागायची, रिसीव्हर कानाला तसाच. जागे झाले की विचारायचे, "बोलली का काही?"

चौथ्या मंगळवारी इंदूताईनं फोन ठेवला नाही. तिनं मला विचारलं, "तुमी कुठले?" मी सांगितलं. "त्यांनी काय केलं ते सांगितलं का तुमाला?" मी म्हटलं, "रागाच्या भरात बोललो, एवढंच म्हणतात." ती हसली. मग ऑपरेटरच्या चोरट्या मिनिटांत तिनं मला सगळं सांगितलं.

नवरा मारायचा. एका रात्री डोकं फोडलं, तेव्हा सकाळी ती तान्ही लेक कडेवर घेऊन माहेरच्या एसटीत बसली. गाडी पारावर थांबली तेव्हा आबा तिथंच चार माणसांत बसलेले. ते उठून गाडीच्या दारात आले आणि तिला खाली उतरूच दिलं नाही. "दिल्या घरी राहायचं," एवढं बोलले. तिकडं घराच्या दारात आई उभी होती, हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या. लेकराला ओवाळून, तुकडा टाकून मगच आत घ्यायची रीत आहे आमच्याकडं. ती हाका मारत पाराकडं यायला लागली, "तिला पाणी तर पिऊ द्या, लेकराला ओवाळू तर द्या!" आबांनी हात वर करून तिला जागच्या जागी थांबवलं. गाडी वळली आणि त्याच गाडीनं इंदू परत गेली. महिन्याभरात तान्ही लेक तापानं गेली. इंदू तिथून जी निघाली ती कोणाच्याच दारात गेली नाही. आई दोन वर्षांनी वारली, ते तिला कळलं तेव्हा तेराव्यालाही उशीर झाला होता.

 कानात तार गुणगुणत होती आणि समोर पेटीच्या काचेतून तेच आबा दिसत होते, फेटा मांडीवर काढून ठेवलेला.

"गंगासागर आडनाव लावता का आता?" मी काही तरी विचारायचं म्हणून विचारलं.

"आडनाव न्हाई ते. इथल्या लोकांला वाटतंय आडनाव हाय. माझ्या मायचं नाव हाय." मग तिचा आवाज बदलला. "ऐका भाऊ. ज्या दिवशी ते तोंडानं बराबर नाव सांगतील, इंदू कोणाची ते, त्या दिवशी मी बोलंन. पर तुमी सांगायचं न्हाई. त्यांचं त्यांला सुचू द्या. शपथ घ्या."

मी शपथ घेतली. आणि मग माझ्या लक्षात आलं मी काय करून बसलोय. त्यांना दुसरं नाव सुचावं कसं? पहिलंच नाव बरोबर आहे असं मीच त्यांना सांगितलं होतं! मी फक्त खरं बोललो असतो, या नावाचं कोणी नाही एवढं, तर म्हातारा डोकं खाजवून विचार करत बसला असता. तिची शपथ मोडायची गरज नव्हती. माझी लबाडी मोडायची होती.

पण ती मोडवेना. बाजारभर त्यांनी गवगवा केलेला. घरी तिच्यासाठी ओसरीतली खोली सारवून घेतलेली, लिंबाच्या लोणच्याची बरणी भरून ठेवलेली. पुढच्या मंगळवारी सांगू, संक्रांत होऊ दे, माघ सरू दे. तिकडं ती दर वेळी विचारायची, "आज कोणाचं नाव? त्यांचंच का अजून?" मी म्हणायचो, "व्हय." "मंग न्हाई."

असे सतरा मंगळवार गेले. 

शिमगा झाला आणि आबा म्हणाले, "साहेब, ड्यूटी काही सरंना तिची. म्या म्हणतो, आपणच जावं गाडीत बसून. गेटावर माझं नाव सांगितलं की बलावतील तिला." तेव्हा माझी पाचावर धारण बसली. त्या गेटावर त्यांना काय उत्तर मिळणार ते मला ठाऊक होतं. पोस्टाबाहेर लिंबाखाली बाक होता, तिथं त्यांना बसवलं आणि सांगून टाकलं. "आबा, ड्यूटी खोटी. तुमच्या नावाची इंदू तिथं नाही. पहिल्या दिवसापासून नाही. मी खोटं बोललो."

मला वाटलं, काठी घालतील. घातली असती तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "पर तिथं इंदू हाय नं?"

"आहे."

"माझी न्हाई."

 ते उठले, माझ्या खांद्याला धरून उठले हे विशेष, आणि एसटी स्टँडकडं गेले. नंतर पाच बाजार ते आलेच नाहीत. पडदी पडली की मी खिडकीकडं पाहायचो. तिकडून ती एकदा स्वतःच परभणीमार्फत विचारती झाली, "आले न्हाईत का?" मी म्हटलं, "तब्येत बरी नसेल."

सहाव्या मंगळवारी आले. वाळले होते. फॉर्म मागितला नाही, बाकावरच बसले. बोर्ड दुसऱ्या माणसाकडं देऊन मी बाहेर गेलो.

"साहेब, तुमाला म्या बी खोटंच बोललो हुतो," आबा म्हणाले. "रागाच्या भरात बोललो म्हणून. म्या रागावलोच नव्हतो. पारावर चार माणसं बसली हुती, त्यांला काय वाटंल, एवढंच मनात आलं. पोरीच्या डोक्यातून रगत येऊन राहिलं हुतं आन् मी त्या चौघांची तोंडं बघून राहिलो." त्यांनी फेटा काढला. "त्यातले तिघं मेले. चौथ्याला विचारलं परवा, आठवतंय का रे तुला? म्हणला, कशाचं? त्याला आठवत बी न्हाई, साहेब."

ते रडत नव्हते. बोलत होते, तुटक तुटक, झोपेत बोलतात तसे. "तिच्या अंगावर हात टाकणारा नवरा. परत धाडणारा बाप. गाव तर बघतच बसलं. मंग पोरीनं नाव लावावं कोणाचं? म्या पाच हप्ते ह्योच इचार केला. त्या दिवशी तिच्या बाजूनं हुतं कोण?"

आणि मग ते उठले. खिडकीशी गेले. मी धावत आत जाऊन हेडफोन घातला. बाजाराचा दिवस, रांगेत सात-आठ माणसं. आबा खिडकीत तोंड घालून कुजबुजले. मला ऐकू येईना.

"मोठ्यानं, आबा."

ते घुटमळले. "घरवालीचं नाव कधी घेतलं न्हाई हो म्या. लग्नात घास भरवताना पोरी अडून बसल्या, तवा बी घेतलं न्हाई. इंदूची माय, न्हाईतर अगं ए. चाळीस वर्सं."

"फॉर्मवर लिहायचंय मला."

म्हाताऱ्यानं रांगेकडं पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवली आणि सगळं पोस्ट वळून पाहील एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "गंगासागर! इंदू गंगासागर!"

लाइन त्या दिवशी अर्ध्या तासात लागली. पलीकडं तीच होती. "कोणाचं नाव आज?" मी सांगितलं. 

"तुमी सांगितलं?"

"आईशपथ नाही."

"मंग द्या त्यांला."

मी कॉल जोडला आणि ऐकायची कळ बंद केली. आयुष्यात ऐकायचा मोह टाळला तो तेवढाच. काचेतून पाहिलं तर आबा काही बोलत नव्हते, नुसते ऐकत होते. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "येणार न्हाई म्हणली. त्या पारावरून पुन्हा जाणार न्हाई. पर मंगळवारी फोन उचलंन म्हणली." थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाले, "बराबर हाय तिचं."

त्यानंतर अकरा मंगळवार बाप-लेक बोलले. मिरगाची पेरणी झाली आणि एका पहाटे आबा अंथरुणातच गेले. पुतण्या सांगायला आला.

बाराव्या मंगळवारी तीच वेळ झाली, आणि पुण्याकडं फोन मीच लावला. सांगितलं. ती रडली, हळू, तोंडावर हात धरून. मग म्हणाली, "एक सल राहिली भाऊ. सतरा वेळा स्वतःचंच नाव घेऊन येत राहिले. म्या दर बारीला न्हाई म्हणलं, तरी हट्ट सोडला न्हाई. तो हट्ट माझ्या मनातून गेलाच न्हाई बघा. म्हणून गेले न्हाई मी घरी. दुसऱ्या-तिसऱ्या बारीला मायचं नाव घेतलं असतं, तर पहिल्या गाडीनं आले असते."

आबांनी माझी लबाडी तिला सांगितलीच नव्हती. माझ्या कानात हेडफोन होता. कळ चालू होती. एक वाक्य बोलायचं होतं. तेवढ्यात पलीकडच्या ऑपरेटरनं विचारलं, "तीन मिनिटं झाली, वाढवायची?" आणि मी म्हटलं, "नको."

पुढं ती बदलून कुठं गेली, कळलं नाही. मी खूप ठिकाणी पीपी लावून पाहिले. आता बोर्ड गेला, तारा गेल्या, मी घरात एकटा असतो, आणि दुपारी दोन वाजले की गप्प बसवत नाही म्हणून हे लिहिलं. इंदूताई, तुमच्या हाती हा अंक पडलाच तर एवढं वाचा. आबांना तुमचा नकार त्या सतरा मंगळवारांत पोचलाच नव्हता. मी त्यांना तुम्ही ड्यूटीवर आहात असं सांगत होतो. हट्ट त्यांनी केला नाही.